वाचकांचे प्रश्न : गोंदिया ते सिंधुदुर्ग, आकाशातले अंतर आणि प्रवासाचा वेळ

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण उरलेल्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्याच्या उत्तरात आहेत.

प्रश्न : माझी मुलगी लग्न होऊन कुडाळला गेली आहे. आम्ही दोघे पती-पत्नी आमगावला राहतो आणि आमचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. गोंदियाच्या बिरसी विमानतळापासून सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर ९४० किलोमीटर असून विमानाला १ तास ४० मिनिटे लागतात, अशी माहिती इंटरनेटवर मिळाली. तिकीट काढायला गेलो, तेव्हा मात्र आठ-नऊ तासांचे प्रवास पुढे आले. हे अंतर नेमके कसे मोजतात, आणि ती १ तास ४० मिनिटांची वेळ खरी म्हणायची का?
– एक वाचक, आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : आपल्याला मिळालेले अंतर बरोबर आहे. वेळही हिशेबापुरती बरोबर आहे. फक्त तो हिशेब आज वेळापत्रकात नसलेल्या उड्डाणाचा आहे, कारण या दोन विमानतळांना जोडणारी थेट नियमित सेवा नाही.

आधी अंतराविषयी लिहितो. बिरसी विमानतळ सुमारे २१ अंश ३२ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उत्तर अक्षांश आणि ८० अंश १७ कला पूर्व रेखांशावर आहे. वेंगुर्ले तालुक्यातील परुळ्याजवळचा चिपी विमानतळ सुमारे १६ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ३२ कला पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीगोलावर या दोन बिंदूंवर दोरा ताणून धरला, तर तो ज्या मार्गाने बसेल तो त्यांच्यातील सर्वांत जवळचा मार्ग होय, आणि हा दोरा तसाच पुढे वाढवून गोलाला पूर्ण वेढा दिला, तर पृथ्वीचे दोन समान भाग करणारे वर्तुळ मिळते. भूगोलात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. बिरसी आणि चिपी यांच्यामधील या वर्तुळाचा कंस पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ८ अंश २७ कलांचा कोन करतो. एका अंशाचे पृष्ठभागावरील अंतर सुमारे १११ किलोमीटर असते, त्यावरून ९४० किलोमीटर हा आकडा निघतो. वैमानिक हेच अंतर नॉटिकल मैलांत सांगतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि त्याची मूळ कल्पना अशा कंसाच्या एका कलेइतके अंतर अशीच होती. ८ अंश २७ कला म्हणजे ५०७ कला, म्हणून हे अंतर ५०७ नॉटिकल मैल होते. शाळेत शिकलेले अंश आणि कला इतक्या सरळपणे कामी येतात, याचे मला आजही समाधान वाटते.

विमान दहा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून अंतर वाढत असेल, अशी शंका पुष्कळांना येते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. तिच्यात दहा किलोमीटरची भर पडली, तरी ९४० किलोमीटरच्या मार्गात जेमतेम दीड किलोमीटर वाढतो. तेव्हा ती शंका सोडून द्यायला हरकत नाही.

आता वेळेविषयी. अशी माहिती देणारी संकेतस्थळे सर्वसाधारणपणे ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग धरून अंतराला भागतात आणि उड्डाण व उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवतात. ९४० किलोमीटरला १ तास १० मिनिटे, त्यात ३० मिनिटे मिळवली की १ तास ४० मिनिटे होतात. एअरबस ३२० किंवा एम्ब्रेअर १७५ यांसारख्या जेट विमानाला हा अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो. लहान विमानतळांना जोडणारी पुष्कळशी उड्डाणे मात्र एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने होतात. त्याच्या पोटात सुमारे सत्तर प्रवासी मावतात आणि वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने ९४० किलोमीटर कापायला १ तास ५३ मिनिटे लागतील, आणि धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे व विमान जागेवर आणून उभे करणे यांची वीस-पंचवीस मिनिटे धरली, तर तिकिटावर २ तास १५ ते २० मिनिटे असा आकडा दिसेल. तिकिटावरची वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंतची असते, चाके जमीन सोडतात तेव्हापासूनची नसते, हे ध्यानात ठेवावे.

मग आठ-नऊ तास कशाला लागतात? हैदराबादमार्गे प्रवास धरून पाहू, कारण गोंदिया आणि सिंधुदुर्ग या दोन्ही ठिकाणांहून हैदराबादला विमानसेवा झालेल्या आहेत. बिरसीहून हैदराबाद सुमारे ५१५ किलोमीटर आणि हैदराबादहून चिपी सुमारे ५४० किलोमीटर, असे एकूण १,०५५ किलोमीटर होतात. सरळ रेषेपेक्षा ही वाट ११५ किलोमीटरच जास्त आहे. नकाशावर हैदराबाद कितीही आडबाजूला दिसले, तरी वळसा फार मोठा नाही, आणि दोन्ही उड्डाणांत मिळून आपण विमानात तीन तासांच्या आसपासच बसाल. उरलेला वेळ विमानतळावर जातो. पहिल्या उड्डाणापूर्वी दीड तास आधी पोहोचणे, हैदराबादला तीन-चार तास थांबणे आणि शेवटी सामानाची वाट पाहणे, यांचीच बेरीज मोठी होते. दोन्ही टप्पे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील आणि तिकिटे स्वतंत्र असतील, तर हैदराबादला सामान सोडवून घेऊन, बाहेर येऊन, पुन्हा चेक-इन करावे लागते. त्यातच पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर आपल्याला पुढे नेण्याचे बंधन राहत नाही.

आपल्या वयाचा विचार करता माझे स्पष्ट मत असे आहे की स्वतंत्र तिकिटे काढावी लागली, तर दोन उड्डाणांमध्ये तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये, मग एकूण वेळ कितीही वाढो. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअरची मागणी नोंदवून ठेवावी. मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालण्याचा त्रास प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा अधिक होतो. हैदराबादच्या वेळा जुळत नसतील, तर आमगावहून रेल्वेने नागपूर, नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून चिपी हा दुसरा मार्ग आहे. त्यात नागपूर ते मुंबई सुमारे ६८५ आणि मुंबई ते चिपी सुमारे ३५० किलोमीटर पडतात. नागपूर ते मुंबई दिवसभर विमाने असल्यामुळे एक चुकले तरी माणूस अडकून पडत नाही. लहान विमानतळांची वेळापत्रके उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बदलतात, शिवाय काही सेवा आठवड्यातील ठरावीक दिवशीच असतात. म्हणून आधी तारीख ठरवून मग विमान शोधण्याऐवजी विमानाचे दिवस पाहून मुलीकडे जाण्याची तारीख ठरवणे आपल्याला सोयीचे जाईल.

प्रश्न : वरील पत्रलेखकांच्या आग्रहावरूनच मी हे लिहीत आहे. त्यांच्या मुलीची मी शेजारीण. जाण्याचा आणि येण्याचा वेळ विमानात वेगवेगळा का दाखवतात? रस्ता तर तोच असतो.
– एक वाचिका, कुडाळ

उत्तर : जमिनीवरचा रस्ता तोच असतो, पण विमान ज्या हवेतून जाते ती हवा स्वतः वाहत असते. पोहणाऱ्याला प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाताना जो फरक जाणवतो, तोच येथे घडतो.

हिवाळ्यात आपल्याकडे आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, आणि उत्तर भारतावर त्यांचा वेग सर्वांत जास्त असतो. गोंदियाहून चिपीकडे जाणारे विमान नैर्ऋत्येकडे तोंड करून जाते, म्हणजे या वाऱ्याला बऱ्याच अंशी सामोरे जाते. ताशी ८३० किलोमीटर वेगाच्या जेटला समोरून ताशी ८० किलोमीटरचा अडथळा आला, तर ९४० किलोमीटरला ७५ मिनिटे लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असेल, तर ६२ मिनिटे पुरतात. एटीआर विमान सहा-सात किलोमीटर उंचीपर्यंतच चढते आणि तेथे वारा मंद असतो, पण विमानाचा स्वतःचा वेगही कमी असतो. त्यामुळे ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यानेदेखील जाण्या-येण्यात वीस मिनिटांचा फरक पडतो.

पावसाळ्यात चित्र पालटते. जमिनीजवळ नैर्ऋत्य मोसमी वारे वाहत असतात. दक्षिण भारतावर फार उंच मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा पूर्वीय झोत तयार होतो. म्हणून उंच उडणाऱ्या जेटला त्या दिवसांत कोकणाकडे येताना वाऱ्याची थोडी मदत मिळते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर मला वाऱ्यापेक्षा पावसाची आणि ढगांची काळजी अधिक वाटते. चिपीचा विमानतळ समुद्रालगतच्या सड्यावर, म्हणजे उंच सपाट माळावर आहे, आणि जुलैतले ढग त्या सड्यावर किती खाली उतरतात हे आपल्याला सांगायला नको. दृश्यमानता ठरलेल्या मर्यादेखाली गेली की वैमानिकाला उतरता येत नाही. काही काळ घिरट्या घालून ढग विरळ होण्याची वाट पाहणे किंवा दुसरीकडे जाणे, एवढेच त्याच्या हाती राहते. गोव्यातील मोपा चिपीपासून सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून पर्यायी विमानतळ म्हणून तो सोयीचा ठरतो. पावसाळ्यात आपण कोणाला घ्यायला चिपीला जाणार असाल, तर मोपापर्यंत जावे लागण्याची तयारी ठेवूनच निघावे.

आणखी एक गोष्ट येथे सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. गोंदिया आणि चिपी यांच्या रेखांशांत ६ अंश ४५ कलांचा फरक आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे याप्रमाणे तो २७ मिनिटांचा होतो. घड्याळ एकच असले, तरी सूर्य गोंदियाला आधी मावळतो आणि आपल्याकडे साधारण अर्ध्या तासाने. हिवाळ्यात गोंदिया अधिक उत्तरेला असल्यामुळे हा फरक आणखी थोडा वाढतो. ज्या लहान विमानतळांचे कामकाज दिवसाच्या उजेडापुरते असते, त्यांच्या वेळापत्रकात ही मिनिटे मोलाची ठरतात. संध्याकाळचे विमान पूर्वेकडे उशिरा निघाले, तर तिकडे अंधार आधी पडलेला असतो, आणि मग थोड्या उशिराचे रूपांतर उड्डाण रद्द होण्यात होऊ शकते.

प्रश्न : गोंदिया ते सिंधुदुर्ग ही सरळ रेषा आमच्या नांदेडवरून जाते, असे माझ्या मुलाने नकाशावर पट्टी ठेवून दाखवले. हे खरे असेल, तर एकच विमान गोंदिया, नांदेड, कोल्हापूर, चिपी असे थांबत का जाऊ शकत नाही?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आपल्या मुलाचे मनापासून कौतुक. त्याने दाखवलेली गोष्ट खरी आहे, आणि मी आकडे मांडून पाहिले तेव्हा मलाही नवल वाटले. ही रेषा बिरसीहून निघून भंडारा जिल्ह्यातून उमरेडच्या जवळून जाते, पांढरकवड्याच्या बाजूने पैनगंगेच्या खोऱ्यात उतरते आणि नांदेड व लातूर यांच्या जवळजवळ डोक्यावरून पुढे जाते. त्यानंतर सोलापूर आणि पंढरपूर यांच्या मधून, सांगोल्याजवळून ती सांगली व कोल्हापूर गाठते आणि सह्याद्री ओलांडून चिपीला पोहोचते. महाराष्ट्राचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे ८०० आणि दक्षिणोत्तर विस्तार सुमारे ७२० किलोमीटर आहे. ही रेषा म्हणजे राज्याचा जवळजवळ पूर्ण कर्ण आहे.

बिरसी ते नांदेड सुमारे ४०५, नांदेड ते कोल्हापूर सुमारे ४२५ आणि कोल्हापूर ते चिपी सुमारे ११० किलोमीटर अंतर भरते. बेरीज ९४० येते, म्हणजे दोन थांबे घेऊनही अंतर जवळपास वाढत नाही. असा योग नकाशावर क्वचितच जुळून येतो.

अंतर वाढत नाही, पण वेळ वाढतो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. एटीआर विमानाने पहिल्या दोन टप्प्यांना प्रत्येकी सुमारे १ तास १० मिनिटे आणि शेवटच्या टप्प्याला ३५ मिनिटे लागतील. प्रवाशांची चढ-उतार, सामान आणि गरज पडल्यास इंधन यांसाठी प्रत्येक थांब्यावर किमान पंचवीस मिनिटे धरावी लागतील. एकूण सुमारे पावणेचार तास होतील. थेट उड्डाणापेक्षा हे दीड तासाने जास्त आहे, पण आज आमगावच्या जोडप्याला लागणाऱ्या आठ-नऊ तासांच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय त्यांना विमान बदलावे लागणार नाही.

अडचण खर्चाची आहे. प्रत्येक वेळी विमान जमिनीवरून उचलायला आणि वर चढवायला भरपूर इंधन लागते. ११० किलोमीटरच्या टप्प्यात विमान उंचीवर पोहोचते न पोहोचते तोच उतरू लागते. प्रत्येक ठिकाणी उतरण्याचा आणि विमान उभे करण्याचा खर्चही असतो. गोंदियाहून बसलेले सत्तर प्रवासी चिपीपर्यंत जाणार नाहीत, म्हणून प्रत्येक टप्प्यावर नवे प्रवासी मिळाले पाहिजेत. नांदेड ते कोल्हापूर हा टप्पा मला सर्वांत आशादायक वाटतो, कारण या दोन शहरांमध्ये शिक्षण, उपचार आणि देवदर्शन यांसाठी ये-जा असते आणि रस्त्याने तो प्रवास पूर्ण दिवस किंवा पूर्ण रात्र घेतो. केंद्र सरकारची उडान योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला ते दिल्ली हे तिचे पहिले उड्डाण झाले. अशाच मार्गांना आधार देणे हा तिचा हेतू आहे. त्या योजनेत साधारण ५०० किलोमीटरच्या, म्हणजे सुमारे तासाभराच्या उड्डाणाला विमानातील काही जागांपुरते २,५०० रुपये कमाल भाडे सुरुवातीला ठरवले होते. वरील पहिले दोन टप्पे त्या अंतरात बसतात.

राज्याच्या दोन टोकांची माणसे मुंबई किंवा हैदराबादला न जाता एकमेकांकडे जाऊ शकली पाहिजेत, असे मला तळमळीने वाटते. आपल्या भागातील व्यापारी संघ, महाविद्यालये आणि रुग्णालये यांनी प्रवासी किती मिळतील याची खरी मोजणी करून ती विमान कंपन्यांसमोर ठेवली, तर या विचाराला काही आकार येऊ शकेल. निवेदनातील नुसत्या मागणीपेक्षा अशा आकड्यांचे वजन जास्त असते.

प्रश्न : कोल्हापूर ते चिपी ११० किलोमीटरच असेल, तर याहून लहान नियमित विमानप्रवास जगात कोठे आहे का? आणि तो परवडतो कसा?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आहे, आणि तो फारच लहान आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून लोगनएअर या कंपनीची विमाने नियमित जातात. अंतर सुमारे २.७ किलोमीटर आहे. वेळापत्रकात उड्डाणाला दोन मिनिटे धरलेली असतात, आणि वारा अनुकूल असताना ते एका मिनिटाच्या आत, ५३ सेकंदांत पूर्ण झाल्याची नोंद आहे. जगातील सर्वांत लहान नियमित विमानप्रवास म्हणून तो ओळखला जातो. त्यासाठी ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे आठ-दहा माणसांचे, दोन पंख्यांचे विमान वापरतात. त्याला अगदी छोटी धावपट्टी पुरते.

हे विमान दोन बेटांमधून फेऱ्या मारत बसत नाही, हे त्याच्या परवडण्याचे कारण आहे. ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल येथून निघालेले विमान दोन्ही बेटांना थांबून परत येते, त्यामुळे ती दोन मिनिटे एका मोठ्या फेरीचा लहानसा तुकडा असतात. बेटांवरच्या मुलांना शिकवायला येणारे शिक्षक, डॉक्टर आणि उपचारांसाठी निघालेले रुग्ण यांना समुद्र खवळलेला असताना नावेचा भरवसा नसतो. म्हणून तेथे ही सेवा सार्वजनिक पैशाच्या आधाराने चालवली जाते आणि तिचे मोल तिकीटविक्रीवर ठरवले जात नाही.

कोल्हापूर ते चिपी या टप्प्याला हा दाखला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तेथे मध्ये समुद्र आहे, आणि येथे घाटाचा रस्ता बहुतेक दिवस चालू असतो. तो रस्ता मोटारीने तीन-चार तासांत पार होतो. विमानाने ३५ मिनिटे धरली, तरी दीड तास आधी विमानतळावर पोहोचणे, उतरल्यावर सामान घेणे आणि दोन्हीकडे गावापासून विमानतळापर्यंतचा प्रवास यांची भर घातल्यास बचत उरत नाही. म्हणून केवळ कोल्हापूरहून कुडाळला जाणाऱ्याने घाटरस्त्यानेच जावे. नांदेडहून किंवा गोंदियाहून विमानातच बसून आलेल्या प्रवाशाला मात्र शेवटची ही ३५ मिनिटे चार तासांचा घाट वाचवून देतील.